कुणाचा देह, कुणाची नजर: एका डिजिटल चित्रमालिकेचं प्रकरण

हे प्रकरण पुण्यातल्या एका छोट्या समूह-प्रदर्शनाच्या तयारीत घडलं. त्या प्रदर्शनाची निवड आणि मांडणी मी पाहत होते. चित्रकार आणि पैलवान, दोघांनीही हा मजकूर बाहेर जाण्याआधी वाचला. ओळख पटेल असे काही तपशील त्यांच्या सांगण्यावरून बदलले आहेत. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

चित्रकार तिशीतला. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वाढला, कोल्हापुरात चित्रकला शिकला आणि आता पुण्यात मोबाइल गेम तयार करणाऱ्या कंपनीत पात्रं रंगवतो. दिवसभर चिलखतं, तलवारी आणि राक्षस. रात्री तो स्वतःसाठी पुरुष काढायचा: एकमेकांच्या जवळ बसलेले, एकमेकांना न्याहाळणारे, बहुतेक उघड्या अंगाचे. टोपणनावाने ही चित्रं इंटरनेटवर टाकायचा, त्यांचे प्रिंट विकायचा. परदेशातून अधूनमधून मागणी यायची. घरात हे फक्त बहिणीला ठाऊक होतं.

प्रदर्शनासाठी त्याने आठ चित्रं पाठवली. होमोइरॉटिक, म्हणजे पुरुषाला पुरुषाची वाटणारी ओढ दाखवणारी चित्रं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर थेट नागडेपणा उभा राहतो, म्हणून आधीच सांगते: आठपैकी एकाही चित्रात लैंगिक क्रिया नव्हती आणि पूर्ण नग्न आकृती एकच, तीही पाठमोरी. ओढ होती ती पाहण्यात. तांब्या उंच धरून पाणी पिणाऱ्याच्या गळ्यावर दुसऱ्याची नजर खिळलेली. बसमध्ये पेंगणाऱ्याचं डोकं शेजाऱ्याच्या खांद्यावर आलेलं आणि शेजारी जागचा हलत नाही. सगळे प्रौढ पुरुष, सगळे आपल्याकडचे दिसावेत असा प्रयत्न.

एआयने काढलेल्या चित्रांचा गोंधळ सुरू झाल्यापासून आम्ही प्रत्येक चित्रासोबत एक यादी मागतो. कोणता फोटो वापरला, तो कुणी काढला, कुणाच्या चित्रशैलीचा आधार घेतला, थ्रीडी मॉडेल वापरलं का, हे सगळं त्यात येतं. चित्रकारांना हे कारकुनी काम वाटतं. यानेही कुरकुर करतच ती भरली. या प्रकरणात पुढे जे घडलं ते त्या यादीतल्या एका ओळीमुळे.

प्रेरणा कुठून आल्या

यादीत पहिलं नाव अपेक्षित होतं: टॉम ऑफ फिनलंड. टोउको लाक्सोनेन हे त्याचं खरं नाव. १९२०चा जन्म, हेलसिंकीत जाहिरातक्षेत्रात नोकरी, आणि रात्री लाकूडतोडे, खलाशी, मोटारसायकलवाले यांची पेन्सिल-चित्रं. १९५७ साली एका अमेरिकन शरीरसौष्ठव मासिकाने त्याचं चित्र मुखपृष्ठावर घेतलं आणि तिथेच हे टोपणनाव त्याला चिकटलं. फिनलंडमध्ये समलैंगिक संबंध १९७१पर्यंत गुन्हा होता. २०१४मध्ये त्याच देशाच्या टपाल खात्याने त्याच्या चित्रांची तिकिटं काढली. आमच्या चित्रकाराला त्यातले फुगवलेले स्नायू फारसे भावले नव्हते. ‘त्याची माणसं हसतात,’ एवढंच तो म्हणाला. ज्या काळात अशी माणसं आजारी किंवा पापी म्हणूनच दाखवली जायची, त्या काळात हा माणूस त्यांना मजेत असलेली काढत होता. हे निरीक्षण मला पटलं.

दुसरा जे. सी. लायेनडेकर (१८७४–१९५१). अमेरिकेतल्या ॲरो कंपनीच्या कॉलरच्या जाहिरातींमधला तो देखणा, तुकतुकीत चेहऱ्याचा पुरुष याच्याच कुंचल्यातून आला. त्यासाठी मॉडेल म्हणून उभा राहिलेला चार्ल्स बीच त्याचा आयुष्याचा जोडीदार होता. हे पुरुष घरोघरी पोचत होते, बायका त्यांच्यावर भाळत होत्या आणि चित्रकार आपल्याच माणसाला रंगवत होता. डिजिटल चित्रकारांना लायेनडेकर आवडतो त्याला तांत्रिक कारणही आहे. त्याचे फटकारे सुटे, तिरपे, एकमेकांत न मिसळलेले असतात. कडक ब्रश घेऊन पडद्यावर ते उतरवायला जमलं की चित्रातला गुळगुळीत प्लास्टिकपणा जातो. जपानचा मांगा चित्रकार गेंगोरोह तागामे यादीत होता तो जाड, केसाळ, राकट शरीरांसाठी. मायकेलअँजेलो होता, सिस्टिन चॅपेलच्या छतावरच्या वीस नग्न तरुणांसाठी. त्यांचा बायबलमधल्या कथांशी थेट संबंध कुणालाच नीट जोडता येत नाही आणि तरी ते तिथे आरामात बसलेले आहेत.

इथवरची यादी जगातल्या कुठल्याही गे चित्रकाराची असू शकली असती. आठपैकी पहिली तीन चित्रं तशीच दिसतही होती. निवडीच्या बैठकीत एका सहकाऱ्याने विचारलं, ‘ही माणसं कुठली आहेत?’ चेहरे मराठी, मिशा मराठी, पण देह आयात केलेला. चित्रकाराने आपली फाइल उघडून लेयर, म्हणजे एकावर एक रचलेले रंगांचे थर, दाखवले तेव्हा उलगडा झाला. युरोपीय मॉडेलचा फोटो पाहून गुलाबीसर त्वचा रंगवायची आणि वरून मल्टिप्लाय मोडमध्ये, म्हणजे खालचा रंग गडद करणारा, तपकिरी थर टाकायचा, अशी त्याची पद्धत होती. त्याने सावल्या मळकट होतात. सावळ्या कातडीवर उजेड वेगळा वागतो. पृष्ठभागावरची चकाकी गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त उठून दिसते, उघड्या आकाशाखाली त्या चकाकीत निळसर झाक येते, आणि सावली सुरू होते त्या काठावरची लाली तितकी उघड दिसत नाही. हे त्याला गेममधल्या पात्रांसाठी माहीत होतं. स्वतःच्या चित्रांत मात्र डोळा उसना होता.

त्याचं त्यालाही जाणवलं असणार, कारण चौथ्या चित्रापासून यादी बदलते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला बोधिसत्त्व पद्मपाणी येतो. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं ते चित्र शाळेच्या सहलीत आपल्यापैकी अनेकांनी घाईघाईत पाहिलेलं असतं. कंबरेतून वळलेला देह, झुकलेली मान, अर्धवट मिटलेले डोळे, हातात निळं कमळ. त्या छातीवर एकही स्नायू वेगळा काढलेला नाही. आत श्वास भरलाय एवढंच कळतं, आणि ते एका सलग बाह्यरेषेतून. पुरुषदेह कमावलेला नसताही मोहक असू शकतो, हे त्याला तिथे सापडलं. त्याने घेतली ती रेषा आणि खांद्याचा उतार. बोधिसत्त्वाला त्याने आपल्या चित्रात आणलं नाही, आणि हा निर्णय विचार करून घेतलेला होता. कुंभोजच्या जैन तीर्थावरच्या बाहुबलीचाही विषय निघाला होता. त्याच्या गावापासून ते फार लांब नाही. उघड्यावर उभी असलेली नग्न पुरुषमूर्ती, लहानपणापासून पाहिलेली. तीही त्याने सोडली. ‘तिथे नग्नता म्हणजे त्याग आहे. मी तिच्यात ओढ घुसडली तर ते खोटं होईल,’ असं यादीत त्याने लिहिलं होतं.

आणि चित्रकार भूपेन खख्खर. मुंबईत १९३४ साली जन्मलेले, सनदी लेखापाल, पुढे बडोद्यात स्थायिक. १९८१च्या त्यांच्या ‘यू कान्ट प्लीज ऑल’ या चित्रात सज्ज्यात पाठमोरा उभा नग्न माणूस खाली चाललेली बाप, लेक आणि गाढवाची गोष्ट पाहतो. ती गोष्ट आपल्याकडे पोराटोरांना माहीत असते: काहीही करा, लोक नावं ठेवणारच. पुढच्याच वर्षी ‘टू मेन इन बनारस’. खख्खरांचे पुरुष सुटलेल्या पोटांचे, पिकल्या केसांचे, दुकानदारासारखे दिसणारे आहेत. शरीराच्या घडणीपेक्षा त्यांच्यातला संकोच आणि माया जास्त बोलते. चित्रकाराच्या मते आपल्या मालिकेतलं बसमधलं चित्र खख्खरांशिवाय झालंच नसतं. माझ्या मतेही तेच आठांतलं सगळ्यात चांगलं होतं.

शेवटची चार चित्रं तालमीची. इथे मात्र प्रेरणा पुस्तकातून आलेली नव्हती. त्याचे आजोबा वस्तादांचे दोस्त. खासबागचं मैदान, शाहू महाराज, हिंदकेसरी या गोष्टी जेवताना ऐकलेल्या. पहाटे जोर-बैठका, मग हौद्यातली लाल माती उकरणं, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, मग झोंबी आणि शेवटी एकमेकांच्या अंगाची रगड. तो स्वतः किरकोळ अंगाचा, त्यामुळे कडेला बसून पाहणारा. ‘पुरुषाने पुरुषाला इतक्या निगुतीने हात लावलेला मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे पाहिला,’ असं त्याने मला सांगितलं. कुणाला त्यात वावगं दिसत नव्हतं, आणि वावगं नव्हतंच. पाहणाऱ्या मुलाच्या मनात काय चाललंय हे तालमीला ठाऊक नव्हतं.

अडचण

सहाव्या चित्रात हौद्याच्या कडेला बसलेला एक पैलवान पाठमोरा आहे आणि दुसरा त्याच्या खांद्यांना तेल चोळतोय. चोळणाऱ्याचा चेहरा दिसतो. त्यावरचा भाव निव्वळ मेहनतीचा नाही, हे कुणालाही कळावं. आम्ही हेच चित्र पोस्टरला निवडलं. यादीत त्यापुढे लिहिलं होतं: ‘स्वतः काढलेला फोटो, गावची जत्रा.’

पोस्टर फिरायला लागल्यावर आठवड्याच्या आत चित्रकाराला गावाकडून फोन आला. गल्लीतलाच मुलगा, त्याच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, नामांकित नसला तरी जत्रेच्या मैदानात नाव असलेला पैलवान. त्याच्या मावसभावाने पोस्टर व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. उजव्या खांद्याच्या फऱ्यावर भाजल्याचा जुना व्रण आणि कुस्तीत चेपून गाठाळलेला कान. चित्रात दोन्ही जसेच्या तसे उतरले होते. चेहरा नव्हता, पण तालमीत माणूस पाठीवरूनच ओळखतात.

‘दादा, हा मीच न्हवं?’ एवढंच त्याने विचारलं. चित्रकाराने हो म्हटलं.

पैलवान चिडून बोलला नाही, त्यामुळे उत्तर देणं अधिक अवघड झालं. त्याची पोलीस भरतीची तयारी चालू होती. घरात स्थळं पाहणं सुरू होतं. तालमीत ‘लंगोटाचा पक्का’ असणं ही अब्रू असते. तिथे चेष्टा सुरू झाली की थांबत नाही. पोस्टरवर प्रदर्शनाचा विषय, समलैंगिक आकर्षण, स्पष्ट लिहिलेला होता. त्या चित्राचे दोन प्रिंट तोवर विकलेही गेले होते.

कोणते मार्ग होते

त्या रात्री आम्ही तिघं-चौघं बसलो. एका वकील मित्राला फोनवर घेतलं.

पहिला मार्ग, काहीच न करणं. कायद्याच्या बाजूने चित्रकार बऱ्यापैकी सुरक्षित होता. फोटो त्याने स्वतः काढलेला, म्हणजे १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे त्या फोटोचा कर्ता तोच. मैदान सार्वजनिक. अश्लीलतेचा आरोप टिकण्यासारखं चित्रात काही नव्हतं. पश्चिम बंगालच्या अवीक सरकार प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने जुनी व्हिक्टोरियन कसोटी बाजूला ठेवून आजच्या समाजाच्या नजरेतून संपूर्ण कलाकृती पाहावी असं म्हटलेलं आहे. त्याआधी, १९५४ साली, जहांगीर आर्ट गॅलरीतल्या ‘लव्हर्स’ या चित्रावरून चित्रकार अकबर पदमसींवर खटला झाला आणि तो त्यांनी जिंकला. अगदी अलीकडे, ऑक्टोबर २०२४मध्ये, कस्टम्सने अडवून ठेवलेली पदमसी आणि चित्रकार एफ. एन. सूझा यांची नग्नचित्रं सोडून द्या असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं. आणि ६ सप्टेंबर २०१८नंतर समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ची भीती उरलेली नव्हती. वकील म्हणाला, ‘अश्लीलतेचं सोडून दे. त्याने बदनामीचा दावा केला तर काय करशील?’

इथे चर्चा पेटली. चित्रकार भडकला: ‘माझ्यासारखं असणं ही त्याची बदनामी कशी? तसं मान्य केलं तर आपण प्रदर्शन कशाला भरवतोय?’ प्रश्न खरा होता आणि मी त्यावर बराच वेळ अडकले. पैलवानाची माफी मागायची तर कशाबद्दल? ‘तुला समलैंगिक दाखवलं’ याबद्दल मागितली तर आपणच आपल्या विषयाला कलंक ठरवतो. शेवटी मी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. समलैंगिक असण्यात कमीपणा नाही. पण कुणी काय आहे हे त्याच्या वतीने दुसऱ्याने सांगायचं नसतं, आणि हे चित्रकाराइतकं कुणाला कळणार? घरी आपल्याबद्दल कुणी परस्पर सांगू नये म्हणून तो स्वतः टोपणनावाने जगत होता. माफी परवानगी न घेतल्याबद्दल मागायची. विषयाबद्दल नाही.

दुसरा मार्ग, व्रण आणि कान बदलायचे. डिजिटल चित्रात हे अर्ध्या तासाचं काम. लेयर वेगळे होतेच. चित्रकाराचा कल इकडे होता. माझा विरोध होता, कारण पोस्टर आधीच फिरलं होतं. आता व्रण पुसला तर चित्रातला माणूस तोच राहणार आणि वर लपवल्याचा वास येणार.

तिसरा मार्ग एका सहकाऱ्याने सुचवला: चित्र तेच ठेवायचं, पण त्यापुरता विषयाचा उल्लेख काढायचा, ‘ग्रामीण क्रीडाजीवन’ वगैरे म्हणायचं. यावर कुणी फार वेळ घालवला नाही.

चौथा मार्ग म्हणजे त्याला भेटून परवानगी विचारायची आणि नाही म्हणाला तर चित्र काढून घ्यायचं. यात धोका उघड होता. पोस्टरचं चित्र जाणार, मालिकेचा कणा मोडणार, छपाईचे पैसे बुडणार.

काय केलं

पोस्टर त्याच रात्री सगळीकडून उतरवलं आणि फक्त अक्षरांचं नवं केलं. तोवर ते किती फोनमध्ये पोचलं होतं ते मोजायची सोय नाही.

त्या शनिवारी चित्रकार गावी गेला. भेट गावात नको, असं पैलवानाने सुचवलं. ते सांगलीत एका रसवंतीत भेटले. भेटीचं वर्णन मला दोघांकडून वेगवेगळं ऐकायला मिळालं आणि बहुतेक जुळलं. चित्रकाराने टॅब्लेटवर सगळी मालिका दाखवली, विषय न लपवता सांगितला आणि स्वतःबद्दलही सांगितलं. ते सांगायचंच असं ठरलेलं नव्हतं. मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, कारण समोरच्यावर त्याचं ओझं येतं. पण त्याला वाटलं, याच्याबद्दल गावाला भलतं कळलंय, मग माझ्याबद्दल याला खरं कळू दे.

पैलवानाने सगळी चित्रं निवांत पाहिली. त्याचे पहिले आक्षेप आमच्या कल्पनेत नव्हते. लंगोटाची गाठ चुकीच्या जागी होती. हौद्यातल्या मातीचा रंग जास्तच लाल होता. आणि तेल चोळताना अंगठा असा धरत नाहीत. चोळणारा पूर्ण तळव्याने, वजन टाकून रगडतो. ‘ह्यो चोळतोय का गोंजारतोय?’ असं त्याने विचारलं आणि स्वतःच हसला. चित्रकार म्हणाला, गोंजारतोय. मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

परवानगी त्याने दिली नाही. ‘बाकी काय बी काढ. पैलवान बी काढ. पर त्यात मी नगं.’ कारणं विचारली नाहीत, त्याने सांगितलीही नाहीत. चित्रकाराने तिथेच मूळ फोटो त्याला दाखवून आपल्याकडून पुसला आणि चित्राची फाइल कधीही छापणार नाही असं लिहून दिलं.

दोन्ही प्रिंट घेणाऱ्यांना पत्र गेलं: चित्र मागे घेतोय, प्रिंट परत द्या, पूर्ण पैसे देतो. एकाने दिला. दुसऱ्याने साफ नकार दिला. विकत घेतलेली वस्तू आहे, असं म्हणाला. कायद्याने त्याचं चूक नव्हतं.

राहिला प्रश्न रिकाम्या जागेचा. प्रदर्शन जवळ आलं होतं. चित्रकाराला सात चित्रांवर भागवायचं होतं. मी त्याला नवं चित्र करायला लावलं, यावेळी मॉडेल घेऊन. ओळखीतून दोघे मिळाले: एक व्यायामशाळेत शिकवणारा आणि लहानपणी मल्लखांब केलेला, दुसरा नाटकात काम करणारा. दोघांना दिवसाचे पैसे ठरवून दिले. संमतीपत्र मराठीत, एका पानाचं. त्यात ‘ही चित्रं पुरुषांमधल्या आकर्षणाविषयी आहेत’ हे वाक्य ठळक होतं. चित्र कुठे लागेल, पोस्टरवर जाईल का, चेहरा ठेवायचा की बदलायचा, अंगावरची ओळखीची खूण ठेवायची का, प्रिंट किती निघतील आणि पहिला प्रिंट विकला जाईपर्यंत मन बदललं तर काय, यांची उत्तरं त्यांनीच भरली. नाटकवाल्याने चेहरा ठेवा म्हटलं. दुसऱ्याने बदला म्हटलं.

माझ्या स्टुडिओत एका खिडकीच्या उजेडात ते बसले. आधी चित्रकार जुन्या चित्राचीच मांडणी करायला गेला. मल्लखांबवाल्याने ती मोडली. तो म्हणाला, थकलेला माणूस ताठ बसत नाही, मागच्याच्या गुडघ्यांवर रेलतो. तसं बसून दाखवलं आणि चित्र तिथेच सापडलं. आता पाठीवर हात नाही, नजरही नाही. एकाचं वजन दुसऱ्याने निमूट घेतलंय. बाह्यरेषा अजिंठ्याची, फटकारे लायेनडेकरचे, कातडीवरची निळसर चकाकी त्या खिडकीची. लंगोटाची गाठ बरोबर.

परिणाम

प्रदर्शन झालं. सभागृहाच्या व्यवस्थापनाने दाराशी ‘प्रौढांसाठी’ अशी पाटी मागितली, ती लावली. कुणी गोंधळ घातला नाही. चित्रांशेजारी आम्ही मूळ-यादीचा छोटा भाग लावला होता: कोणाची रेषा, कोणाची नजर, देह कुणाचा आणि त्याने हो म्हटलंय का. लोक चित्रांइतकाच वेळ तिथे थांबत होते. एका वयस्कर गृहस्थांनी खख्खरांच्या नावासमोर उभं राहून सांगितलं की असं काही असतं हे तरुणपणी कळलं असतं तर बरं झालं असतं. ते कुणाबद्दल बोलत होते हे मी विचारलं नाही.

नवं चित्र मालिकेत सगळ्यात उजवं ठरलं, असं मी म्हणणार नाही. जुन्या चित्रात एक धग होती. वर्षानुवर्षं कडेला बसून पाहिलेलं, ओळखीच्या पाठीवर साठलेलं काहीतरी त्यात होतं, आणि ते भाड्याच्या मॉडेलमधून येत नाही. चित्र मागे घेतल्याने कलेचं नुकसान झालं. ते झालं तरी मागे घ्यायलाच हवं होतं.

पैलवानाच्या बाजूने: तालमीत काही दिवस चेष्टा झाली, मग वस्तादांनी ती बंद पाडली. भरतीत त्याचं मैदानी चाचणीत जमलं, लेखीत थोडक्यात गेलं; त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही. चित्रकाराशी त्याचं बोलणं आहे, पण पूर्वीसारखं नाही. चित्रकाराबद्दल त्याने गावात अवाक्षर काढलेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी यादी हातात आली तेव्हा होती. ‘स्वतः काढलेला फोटो’ हे वाचून आम्ही हक्काच्या रकान्यात बरोबरची खूण केली आणि पुढे गेलो. आता यादीत एक रकाना वाढवला आहे: चित्रातला माणूस जिवंत आहे का, ओळखू येईल का, त्याला विषय माहीत आहे का. टॉम ऑफ फिनलंडकडून किंवा अजिंठ्याच्या भिंतीवरून उचललेल्या गोष्टींसाठी वेगळे प्रश्न असतात: नक्कल किती झाली, हक्क कुणाचे आहेत, श्रद्धा दुखावते का. जिवंत माणसाच्या पाठीला हे प्रश्न पुरत नाहीत.

फोटो काढतानाच विचारणं शक्य होतं का? मला वाटतं, नव्हतं. जत्रेच्या गर्दीत बाविशीच्या पैलवानाला ‘तुझ्या पाठीवरून मी असं चित्र करणार आहे’ म्हणायला जी हिंमत लागते ती चित्रकाराकडे तेव्हा नव्हती, आणि ती नसल्याबद्दल त्याला बोल लावणं सोपं आहे. पण फोटो काढणं आणि चित्र जाहीर करणं यांत दोन वर्षं गेली होती. त्या दोन वर्षांत फोटोचा उपयोग फक्त अभ्यासापुरता ठेवता आला असता: खांद्याचा फरा हात वर गेल्यावर कसा फिरतो, ओल्या मातीचा थर घामाने कुठे फुटतो. मग देह दुसऱ्याचा घ्यायचा. आता तो तसंच करतो.

पोस्टरची निवड हा वेगळा मुद्दा आहे. दालनात येणारा माणूस विषय जाणून येतो. पोस्टर न विचारता प्रत्येकाच्या हातात जातं. ओळखता येईल अशा व्यक्तीचं चित्र पोस्टरवर घ्यायचं तर त्याची स्वतंत्र सही हवी, हे आता आमच्या संमतीपत्रात आहे.

मॉडेलचा खर्च प्रिंटच्या किमतीत धरायला हवा होता. फुकट मिळतं म्हणून आपल्याकडचे डिजिटल चित्रकार परदेशी फोटोसंच वापरतात किंवा गावाकडचे फोटो काढून आणतात. सावळा, मराठी, मॉडेल म्हणून उभा राहायला तयार असलेला पुरुष शोधायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात; ते खर्च केले नाहीत तर तपकिरी थर टाकलेली युरोपीय अंगं येत राहतील.

एका गोष्टीवर आमचं अजून जुळलेलं नाही. चित्रकाराचं म्हणणं, व्रण आणि कान सुरुवातीलाच बदलले असते तर कुणाचंच काही बिघडलं नसतं आणि ते चांगलं चित्र वाचलं असतं. मी म्हणते, ओळखू न येणं आणि हो म्हणणं यांत फरक आहे. तो म्हणतो, मग मायकेलअँजेलोने तरी कुणाकुणाला विचारलं होतं? परत न आलेला प्रिंट अजून त्या गिऱ्हाइकाकडेच आहे. नव्या विक्रीपत्रात चित्रकाराने एक कलम घातलंय: चित्रातल्या व्यक्तीने संमती मागे घेतली तर प्रिंट मूळ किमतीला परत घेता येईल. या कलमामुळे आतापर्यंत एका गिऱ्हाइकाने खरेदी रद्द केली आहे.